हिशेब आपला, पण चावी कुणाकडे?

मार्केट यार्डातल्या गाळ्यांवर वह्यांची जागा सॉफ्टवेअरने घेतली. ‘मोफत की विकतचे’, ‘अस्सल की चोरीचे’ यावर वाद रंगतात. पण सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली, की आपलाच हिशेब आपल्याला बाहेर काढता येतो का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात परवाना म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आडतीचा परवाना बाजार समिती देते. तो एका नावावर असतो, त्याला मुदत असते, वेळेत नूतनीकरण करावे लागते. परवाना मिळाला म्हणून बाजार आपल्या मालकीचा होत नाही. गाळ्यावर माल उतरला म्हणून तो आडत्याचा होत नाही. माल शेतकऱ्याचाच असतो. आडत्या तो विकून देतो आणि हिशेबपट्टी करतो. वस्तू कुणाची, ताबा कुणाचा आणि अट कोणती, हे या बाजाराला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे.

संगणकासमोर बसल्यावर मात्र हाच व्यापारी सहज म्हणतो, “सॉफ्टवेअर विकत घेतलंय.”

समजा, भुसार विभागातल्या एका दुकानाने चार वर्षांपूर्वी वार्षिक वर्गणीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर घेतले. सगळी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर. यंदा वर्गणी वाढली, म्हणून दुसरे घ्यायचे ठरले. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी लॉगिन केले, तर पडद्यावर एकच बटण : नूतनीकरण करा. चार वर्षांची उधारी, बिले, येणी-देणी आत आणि दुकानदार बाहेर. फोन केला तर उत्तर, “पैसे भरा, सगळं दिसेल.”

उदाहरण कल्पित आहे. पण अशी अट घालण्यापासून सॉफ्टवेअर कंपनीला थेट रोखणारी नेमकी तरतूद आपल्या कायद्यात नाही. सॉफ्टवेअरच्या परवान्यांवरच्या चर्चेत सर्वांत कमी बोलला जाणारा, पण गाळ्यावरच्या माणसाला सर्वांत जास्त भोवणारा मुद्दा हाच आहे.

वाद नेमका किती जुना?

संगणकप्रेमींमधला हा वाद पन्नास वर्षांचा आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना एक खुले पत्र लिहिले. आम्ही कष्टाने लिहिलेले सॉफ्टवेअर तुम्ही पैसे न देता एकमेकांना वाटता, मग चांगले सॉफ्टवेअर लिहिणार कोण, असा त्याचा आशय होता. सात वर्षांनी, सप्टेंबर १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’ प्रकल्प जाहीर केला. त्यांचे म्हणणे बरोबर उलटे होते : सॉफ्टवेअर वापरणे, त्याचा अभ्यास करणे, त्यात बदल करणे आणि ते इतरांना देणे हे वापरकर्त्याचे स्वातंत्र्य आहे. १९८९ मध्ये त्यांनी हे स्वातंत्र्य एका परवान्यात बांधले. तोच ‘जीपीएल’ परवाना.

इंग्रजीत या चळवळीच्या नावातला ‘फ्री’ हा शब्द ‘फुकट’ आणि ‘स्वतंत्र’ अशा दोन्ही अर्थांनी वापरतात, म्हणून तिथे गोंधळ होतो. मराठीत गोंधळाचे कारण नाही. आपल्याकडे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत. मोबाइलवर मिळणारे कितीतरी अ‍ॅप मोफत असते, पण मुक्त नसते. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊनही विकता येते. मुंबईत तयार झालेले ‘ईआरपीनेक्स्ट’ हे व्यवसायाचा हिशेब सांभाळणारे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली मिळते. ते कुणीही उतरवून घेऊ शकतो. मात्र ते बसवणे, चालवणे आणि मुनीमजींना शिकवणे यासाठी जाणकार माणूस लागतो आणि त्याचे पैसे द्यावे लागतात.

‘घेतले’ म्हणजे काय घेतले?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणकाचा प्रोग्रॅम ही ‘साहित्यकृती’ आहे. पुस्तक विकत घेतल्यावर प्रत आपली होते, पण ते छापण्याचा हक्क आपल्याकडे येत नाही. सॉफ्टवेअरचेही तसेच.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न करांच्या निमित्ताने आलेला आहे. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात न्यायालयाने सीडीसारख्या माध्यमावर विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर ‘माल’ मानले. २ मार्च २०२१ रोजी ‘इंजिनीअरिंग अ‍ॅनालिसिस’ प्रकरणातही न्यायालयाने हेच स्पष्ट केले, की अंतिम वापरकर्त्याला वापराचा परवाना मिळतो. कॉपीराइटमधला कोणताही हक्क त्याच्याकडे जात नाही.

थोडक्यात, डबा तुमचा, आतली पाककृती कंपनीची. वर्गणीच्या पद्धतीत तर डबाही तुमच्या घरी येत नाही. तुम्ही खानावळीत जेवता आणि महिना संपला की दार बंद.

आणखी एक गैरसमज बाजारात पक्का रुजलेला आहे. अनेक जण एखाद्या ओळखीच्या प्रोग्रॅमरकडून आडतीचे, तोलाई-हमालीचे, पट्टीचे खास सॉफ्टवेअर करून घेतात. पैसे आपण दिले, म्हणजे सॉफ्टवेअर आपले, असे धरून चालतात. कायदा तसे म्हणत नाही. पगारी नोकराने नोकरीचे काम म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक म्हणजे नोकरी देणारा असतो. पण बाहेरच्या माणसाकडून ठेक्याने करून घेतलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक लिहिणाराच राहतो. हक्क आपल्याकडे घ्यायचे, तर लेखी हस्तांतर हवे. त्यातही मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. म्हणून “काम झालं, पैसे दिले, विषय संपला” असे तोंडी ठरवणे महागात पडू शकते. तो प्रोग्रॅमर उद्या गाव बदलून गेला, तर सोर्स कोडही त्याच्याबरोबर जातो.

चोरीची प्रत वापरली तर?

‘क्रॅक’ केलेली प्रत पेन ड्राइव्हवर आणून टाकणे हा प्रकार नवा नाही आणि तो फक्त मार्केट यार्डातला नाही. कायदा इथे स्पष्ट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून कैद टाळू शकते. दुकानातला संगणक या सवलतीत बसणे अवघड. म्हणजे घरातल्या विद्यार्थ्याला जी दया मिळू शकते, ती गाळ्याला मिळणार नाही.

याच कायद्याची दुसरी बाजू मात्र फारशी कुणाला माहीत नसते. कलम ५२ नुसार ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे, तो नुकसान टाळण्यासाठी तिची बॅकअप प्रत काढू शकतो. एखादा स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती सहज उपलब्ध नसेल, तर ती मिळवण्यासाठी लागणारी कृतीही तो करू शकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ संरक्षक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगते. पण ते कॉपीराइटचे हक्क मोडण्याच्या हेतूने तोडलेले असले पाहिजे.

याचा अर्थ, दुसऱ्याचे सॉफ्टवेअर चोरणे आणि त्यात अडकलेली स्वतःची नोंद सोडवून घेणे यांत कायद्यालाही फरक दिसतो. अडचण अशी, की हा फरक सिद्ध करायला जाणकार प्रोग्रॅमर लागतो, वकील लागतो, वेळ लागतो. पहाटे बाजार सुरू होतो आणि शेतकऱ्याची पट्टी त्याच दिवशी द्यायची असते. हातात तेवढा वेळ कुणाकडे आहे?

पुण्याने हा धडा आधी घेतला आहे का?

घेतला आहे, आणि तो मराठी अक्षरांच्या बाबतीत. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये आले. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. तरीही पुढे कितीतरी वर्षे छापखाने, डीटीपीची दुकाने आणि सरकारी कचेऱ्या त्या-त्या कंपनीच्या खास फॉन्टमध्येच मराठी टाइप करत राहिल्या. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’ने त्या काळात मराठी छपाई सोपी केली, हे श्रेय नाकारता येणार नाही. संगणकावर मराठी येण्यासाठी कुणीतरी पैसे आणि मेहनत घालणे गरजेचे होते.

पण अशा खास फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. लेखक तोच, मजकूर तोच, पण फॉन्ट नाही म्हणून वाचता येत नाही. जुन्या फायली युनिकोडमध्ये आणण्यासाठी पुढे रूपांतरक लिहावे लागले आणि त्यातूनही जोडाक्षरे चुकत राहिली. आज मोबाइलवर आपण मराठी वाचतो-लिहितो, ती अक्षरे कुठल्याही कंपनीच्या फोनवर तशीच उमटतात, कारण अक्षरांची साठवण एका सामाईक, खुल्या मानकावर आली. कंपन्या संपल्या नाहीत. फॉन्ट अजूनही विकले जातात. बदलले एवढेच, की मजकूर फॉन्टच्या तुरुंगातून सुटला.

हिशेबाचेही नेमके हेच व्हायला हवे.

कायद्यातली पोकळी कुठे आहे?

जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेबाची कागदपत्रे जपली पाहिजेत, असे केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम ३६ सांगते. जीएसटी नियम ५७ त्याहून पुढे जातो. नोंदी संगणकावर असतील तर त्यांचा योग्य बॅकअप हवा. अधिकाऱ्याने मागितल्यास त्या छापील किंवा संगणकावर वाचता येईल अशा स्वरूपात द्यायच्या, फायलींचे पासवर्डही द्यायचे आणि वापरलेल्या सांकेतिक खुणांचा अर्थही सांगायचा.

म्हणजे सरकारला वाचता येईल असा हिशेब देणे व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे. पण तोच हिशेब व्यापाऱ्याला वाचता येईल अशा स्वरूपात देणे सॉफ्टवेअर कंपनीवर बंधनकारक नाही. वर्गणी संपली हे कारण कर अधिकाऱ्यापुढे चालणार नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ इथे मदतीला येईल, असे अनेकांना वाटते. तो फारसा येत नाही. एक तर तो व्यक्तीच्या वैयक्तिक माहितीपुरता आहे. पेढीची खतावणी हा त्याचा विषय नाही. दुसरे म्हणजे, न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात आपली माहिती एका सेवेतून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ च्या कायद्यात तो गाळला गेला. उलट या कायद्याने गाळेधारकावर जबाबदारी टाकली आहे. शेतकऱ्यांचे मोबाइल क्रमांक आणि बँक खाती संगणकात साठवणारा आडत्या या कायद्याच्या भाषेत त्या माहितीचा विश्वस्त ठरतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

ग्राहक न्यायालयाचा रस्ताही अरुंद आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा साधारणपणे बसत नाही. स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याला सूट आहे, पण ती लागू होते की नाही, यावरच आधी वाद घालावा लागतो.

कंपन्यांचे म्हणणे काय?

त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. सॉफ्टवेअर एकदा लिहून संपत नाही. कराचे दर बदलतात, बिलाचे नमुने बदलतात. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला, तेव्हा पट्टीचे गणितच बदलले. असा प्रत्येक बदल सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी बसून करतो. त्याला वर्षाला पैसे मिळाले नाहीत, तर तो का करेल? सर्व्हर, सुरक्षा, फोनवरची मदत यांचा खर्च असतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या गेट्स यांच्या पत्रातला हा प्रश्न आजही खोटा नाही.

म्हणूनच ‘सगळे सॉफ्टवेअर मुक्त असलेच पाहिजे’ ही मागणी बाजाराला लागू पडेल, असे मला वाटत नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा एक मुद्दा मात्र सोन्यासारखा आहे : बदल करण्याची ताकद फक्त एकाच दुकानदाराकडे असेल, तर भाव तोच ठरवतो. २०१६ सारखा बदल आला आणि सॉफ्टवेअर बंदिस्त असेल, तर मूळ कंपनी म्हणेल तेव्हा आणि म्हणेल त्या किमतीत काम होते. सॉफ्टवेअर मुक्त असेल, तर पुण्यातला दुसरा कुणीही जाणकार ते करून देऊ शकतो.

कंपनीने पैसे घ्यावेत. सेवेसाठी घ्यावेत, नव्या सोयींसाठी घ्यावेत. वर्गणी संपल्यावर नवे बिल बनवू देऊ नये, हेही मान्य. पण जुन्या नोंदी ओलीस ठेवू नयेत. गोदामाचे भाडे थकले म्हणून माल अडवणाऱ्या मालकाला निदान माल सांभाळण्याचा खर्च तरी येतो. इथे भाडे चुकते करून निघणाऱ्यालाही स्वतःचा माल मागावा लागतो.

जगात काय चालले आहे?

युरोपीय संघाचा ‘डेटा कायदा’ १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. क्लाऊड सेवा देणाऱ्या कंपनीने ग्राहकाला दुसऱ्या सेवेकडे जाऊ दिले पाहिजे, त्याची माहिती सोबत नेऊ दिली पाहिजे, असे तो सांगतो. जाण्यासाठी आकारले जाणारे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून पूर्ण बंद होणार आहे. विशेष म्हणजे हा हक्क फक्त व्यक्तींना नाही, व्यवसायांनाही आहे. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय भारतात २०११ मध्ये देशभर आली. तेव्हाही ‘हे शक्य नाही’ असे सांगितले जात होते. आज ती सोय नसती, तर आपण काय केले असते, याची कल्पनाही करवत नाही.

मग करायचे काय?

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर गाळ्यावर चार गोष्टी करता येतात.

पहिली : सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी किंमत विचाराल, तसेच हेही विचारा, “सोडून जाताना माझी सगळी नोंद एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये मिळेल का? वर्गणी संपल्यावर किती दिवस मिळेल?” उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

दुसरी : उत्तर मिळाले तरी विसंबू नका. दर महिन्याला रोजमेळ, खतावणी आणि येणी-देणी यांच्या फायली बाहेर काढा आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. फक्त त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा बॅकअप हा अर्धाच बॅकअप असतो.

तिसरी : खास प्रोग्रॅम करून घेत असाल, तर कामापूर्वी साध्या मराठीत करार करा. कॉपीराइट कुणाचा, किती वर्षांसाठी, सोर्स कोडची प्रत कुणाकडे आणि डेटा कोणत्या स्वरूपात साठवला जाईल, या चार ओळी त्यात हव्यातच.

चौथी : चोरीची प्रत काढून टाका. भीती दंडाची आहेच. शिवाय अशी प्रत बिघडली, तर दाद मागायला जागा उरत नाही. पैशांची अडचण असेल, तर मुक्त सॉफ्टवेअर हा कायदेशीर पर्याय उपलब्ध आहे. दोन-चार गाळ्यांनी मिळून एक जाणकार ठेवला, तर तो परवडतोही.

बाजार समिती आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांनी यापुढे एक पाऊल टाकावे. पट्टीत काय-काय असते हे सर्वांना माहीत आहे : वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडे, निव्वळ रक्कम. या रकान्यांचा एक सामाईक डिजिटल नमुना ठरवला आणि त्यात नोंदी बाहेर काढता येतील अशाच सॉफ्टवेअरची शिफारस केली, तर कंपन्या आपोआप तो नमुना स्वीकारतील. बाजार मोठा असला, की विकणारा ऐकतो. हे मार्केट यार्डाला कुणी शिकवायला नको.

आणि केंद्र सरकारने जीएसटीच्या नियमांतच एक ओळ घालावी : हिशेबाचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने ग्राहकाच्या सर्व नोंदी, जपणुकीचे ७२ महिने संपेपर्यंत, सर्वत्र वाचता येईल अशा स्वरूपात आणि जादा शुल्क न घेता दिल्याच पाहिजेत. व्यापाऱ्यावर जेवढ्या काळाची सक्ती आहे, तेवढ्याच काळाची सक्ती त्याची वही सांभाळणाऱ्यावर असावी. यात कुणाचा कॉपीराइट बुडत नाही, कुणाचा कोड उघडा पडत नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आता गाळ्यांवर वहीशेजारी लॅपटॉपही मांडला जातो, त्यालाही हळद-कुंकू वाहिले जाते. वही मात्र कुणाची परवानगी न घेता दहा वर्षांनीही उघडता येते. यंदा पूजेच्या आधी लॅपटॉपमधली एक जुनी पट्टी बाहेर काढून पाहावी. ती निघाली, तर हिशेब आपला आहे. नाही निघाली, तर दिवाळीची वाट न पाहता सॉफ्टवेअरवाल्याला फोन करावा.